पाठीवरची मूठ

जगातली सगळ्यात भारी जागा कुठली, असं भिंगरीला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी तिनं एका दमात सांगितलं असतं : बाबांच्या सायकलच्या मागच्या चाकापासून एक हात अंतरावर.

तिथं वारा लागत नाही. वाऱ्याचं काय ते बाबा बघून घेतात. आपण त्यांच्या रुंद पाठीच्या आडोशाला पेडल मारत राहायचं. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला फळबागा, समोर बाबांची पाठ. नऊ वर्षांची असल्यापासून ती जागा भिंगरीची होती. आता ती पंधराची झाली होती. शाळेतला बाक दरवर्षी बदलतो, मैत्रिणी तर आठवड्याला बदलतात. ही जागा सहा वर्षांत हलली नव्हती.

बाबा सायकलवाले. बाजाराचा रस्ता संपून खोऱ्याचा रस्ता सुरू होतो त्या वळणावर त्यांचं दुकान. पंक्चर, चेन, ब्रेक तर कोणीही करतं. पण वाकड्या रिमचा आऊट काढावा तो बाबांनीच. चाक अधांतरी फिरवायचं, कान लावून बसायचं, आणि एकेक स्पोक केसभर घट्ट, केसभर सैल करत चाक पुन्हा सरळ आणायचं. त्या वेळी दुकानात कोणी शिंकलेलंही त्यांना चालत नसे.

दर रविवारी सकाळी दुकानापुढून दहा-पंधरा सायकलींची रांग सुटायची. त्यात दाताचे डॉक्टर, ड्रॉइंगच्या बाई, टपालवाले काका, अशी सगळी मंडळी. एकामागे एक, आणि पुढे बाबा. पुढच्याला रस्ता दिसतो; बाकीच्यांना फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्यानं हातानं खूण करायची आणि प्रत्येकानं ती आपल्या मागच्याला पोचवायची. "दुसरा नंबर म्हणजे रांगेचे डोळे," बाबा म्हणायचे. "तो चुकला की अख्खी रांग आंधळी."

आणि दुसरा नंबर म्हणजे कोण? अर्थातच आमची भिंगरी.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग छकुली आली.

छकुली म्हणजे आत्याची मुलगी. आत्या नर्स. तिची बदली इथल्या दवाखान्यात झाली, आणि "घर मिळेपर्यंत" म्हणून मायलेकी चार बॅगांसह दारात उभ्या राहिल्या. छकुली हे लाडाचं नाव तिला दात यायच्या आधी पडलं होतं. आता सोळाव्या वर्षी ती न्हाणीघरात शिरताना मान वाकवायची, तरी घरात सगळे आपले "छकुली, जेवलीस का?" आणि "छकुली, दमलीस का?" भिंगरी वर्षानं लहान आणि वीतभर बुटकी. तिला कोणी विचारत नव्हतं, दमलीस का म्हणून. भिंगरी दमते हे घरात कोणाला माहीतच नव्हतं.

छकुलीला भिंगरीच्याच खोलीत जागा दिली. कपाटातले दोन कप्पे गेले. आरसा गेला, म्हणजे होता तिथंच होता, पण त्यात आता छकुलीच्या खांद्याखालचा भाग उरला होता. हेही भिंगरीनं गोड मानून घेतलं. आपण काही तशा आपमतलबी नाही, असं तिला स्वतःबद्दल वाटायचं.

पण फ्रेमचं वेगळं होतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीला, अगदी वर, खुंटीवर एक सायकलची फ्रेम टांगलेली होती. निळी, पोलादी, बारीक नळ्यांची. बाबा तरुणपणी तिच्यावरून अख्खं खोरं पालथं घालायचे. "उंची आली की ही तुझी," असं ते भिंगरीला एकदा म्हणाले होते. एकदाच, पण भिंगरीच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती दुकानाच्या दाराला पाठ टेकायची आणि डोक्यावर पेन्सिलनं खूण करायची. अडचण एवढीच, की त्या रेघा एकमेकींना इतक्या चिकटून होत्या, की लांबून ती एकच जाड रेघ वाटे.

छकुली आल्याला पंधरा दिवस झाले असतील. भिंगरी शाळेतून दुकानात गेली, तर खुंटी रिकामी. फ्रेम खाली स्टँडवर, तिला नवी चेन, नवे ब्रेक, आणि वर सीटवर साक्षात छकुली.

"मामा, पाय बरोब्बर पोचतात!"

"पोचणारच! तुझ्याच मापाची आहे जणू," बाबा खूश होऊन म्हणाले. "टायरं मात्र जाडच टाकलीत हं. नवशिक्यानं बारीक टायरच्या वाटेला जाऊ नये." मग भिंगरीकडे वळून, "कशी दिसते गं?"

"छान," भिंगरी म्हणाली.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. आई प्रयोगशाळेत रक्त तपासायची. अख्ख्या गावाची रक्तं तिच्या काचेखालून गेलेली. तिनं लेकीकडे एकदाच पाहिलं.

"हे जे दुखतंय ना, त्याची तपासणी आमच्याकडे होत नाही," ती म्हणाली. "बोलून टाक. बोललं की उतरतं."

भिंगरी बोलली नाही. बोलायचं म्हणजे मागायचं. आणि जे आपलंच आहे ते मागायचं कशाला?

मग तर रोजच काही ना काही. बाबांनी छकुलीला पंक्चर काढायला शिकवलं. छकुली बाबांच्या विनोदांना हसायची; जे विनोद ऐकून भिंगरीनं कधीच कान मिटले होते, ते छकुलीला नवेकोरे! "मामा, मामा" करत ती दुकानभर फिरायची. दोन महिन्यांत रविवारच्या रांगेत शेवटून पहिली होती ती मधोमध आली, आणि मग एका रविवारी भिंगरीनं मागे वळून पाहिलं तर तिच्याच चाकामागे छकुली. घामाघूम, आणि हसरी. घाम आला की भिंगरी भिजलेल्या मांजरासारखी दिसायची. छकुली घामातही फोटो काढावा अशी दिसे. आता याला काय म्हणावं!

पण खरी ठिणगी पडली ती नकाशावरून.

फळबागा फुलल्या की वर्षातून एकदा खोरेफेरी निघायची. आसपासच्या गावांतून ऐंशीएक माणसं सायकली घेऊन यायची. रस्ता ठरलेला : नदीच्या उन्हाच्या काठानं वर जायचं, सिमेंटच्या पुलावरून पलीकडे व्हायचं, सावलीच्या काठानं परत. पुलाच्या वर खोरं अरुंद होत जातं, नदी खडकांतून उड्या मारते, जुनी पाणचक्की लागते, मेंढ्यांची कुरणं लागतात आणि शेवटी एक लाकडी पूल येतो. तो वरचा भाग फक्त बाबांचा आणि भिंगरीचा. तिथं ते दोघंच जायचे, दोन-तीन महिन्यांतून एकदा. भाकड गप्पा मारत, चक्कीपाशी थांबून पाण्यात पाय सोडत.

दुकानात नकाशा पसरला होता. छकुलीचं लांबलचक बोट नदीवरून वर वर सरकलं आणि लाकडी पुलावर येऊन थांबलं.

"मामा, एवढा सुंदर वरचा भाग टाकून सगळे खालूनच का परततात?"

बाबांनी डोकं खाजवलं. "खरंच की. का बरं?"

"कारण तो पूल वाईट आहे," भिंगरी फटकन म्हणाली.

"आपण दोघं जातोच की!" बाबांचे डोळे चमकायला लागले. ते डोळे असे चमकले की समजावं, आता ब्रेक लागत नाही. "नीट खुणा केल्या तर ऐंशी माणसंही जातील. छकुले, तुझं डोकं म्हणजे ना! या वर्षी फेरी वरून."

झालं! फ्रेम गेली, पूल गेला. उरली ती फक्त बाबांच्या मागची जागा. आणि तीही त्याच बैठकीत टांगणीला लागली, कारण बाबा पुढे म्हणाले, "शनिवारी आपण तिघं जाऊन रस्ता तपासून येऊ. जाताना छकुली पुढे, येताना भिंगरी. मी मागून बघेन. जिच्या खुणा चोख, ती फेरीत माझ्यामागे दुसरी. भिंगरे, तोवर तिला सगळ्या खुणा शिकवून ठेव. सातही."

अहो, सहा वर्षांच्या हक्काच्या जागेसाठी आता परीक्षा!

भिंगरीनं शिकवल्या. खोलीतच, पलंगावर बसून. बोट खाली म्हणजे खड्डा. पंजा हलवला की खडी. हात पाठीमागून झाडल्यासारखा केला की बाजूनं चला, काहीतरी उभं आहे. तळवा उघडा म्हणजे थांबा. कोपर झटकलं की मी दमलो, तू पुढे हो. दोन बोटांची शिंगं केली की जनावरं. छकुली प्रत्येक खूण दहा-दहा वेळा करून बघायची.

"झाल्या?" तिनं विचारलं.

"झाल्या," भिंगरी म्हणाली.

सहा झाल्या होत्या. सातवी होती मूठ.

त्या लाकडी पुलाच्या फळ्या आडव्या नव्हत्या. रस्त्याच्या दिशेनं उभ्या टाकलेल्या होत्या, आणि दोन फळ्यांमध्ये अंगठाभर फट. बारीक टायर त्या फटीत अलगद उतरायचं आणि अडकायचं. नऊ वर्षांची भिंगरी तिथं पहिल्यांदा गेली तेव्हा तिचं चाक असंच धरलं गेलं होतं आणि तिनं भोकाड पसरलं होतं. बाबा म्हणाले, याची काहीतरी खूण हवी. भिंगरी नाक पुसत म्हणाली, "मूठ. कारण हा पूल चाकाला मुठीत पकडतो." तेव्हापासून बाबा त्या पुलाआधी डावी मूठ कमरेच्या वर पाठीवर ठेवायचे, की भिंगरी उतरायची. जगात ती खूण दोनच माणसांना ठाऊक होती. बाकी सहा कुठल्याही रांगेत चालतात. सातवी तिनं स्वतः काढली होती.

ती कशी द्यायची? आणि का द्यायची? पुलापाशी छकुलीनं मूठ दाखवली नाही की बाबांना दिसेल, मग बाबा जरा ओरडतील, बस. कोणाचं काही जाणार नव्हतं. असं भिंगरीनं स्वतःला पाच-सहा वेळा समजावलं. गोष्ट खरी असती, तर एकदा समजावून पुरलं असतं.

शनिवार उजाडला. आभाळ धुतल्यासारखं. छकुली पुढे निळ्या सायकलवर, मध्ये भिंगरी आपल्या छोट्या, बारीक टायरच्या सायकलवर, मागे बाबा. सिमेंटचा पूल मागे पडला. चक्की आली. छकुली एकही खूण चुकत नव्हती. खड्डा, खडी, शिंगं! आणि शिंगं केल्यावर खरोखरच वळणामागून मेंढ्या आल्या, जणू बाईसाहेबांनीच बोलावल्या होत्या.

"वा छकुली!" मागून बाबा.

भिंगरीचे दात एकमेकांवर घासले. तिचे डोळे समोरच्या पाठीवर होते, त्या निळ्या नळ्यांवर होते. ही पाठ बाबांच्या पाठीपेक्षा अरुंद, पण उंच. पलीकडचं काही दिसू देत नव्हती. भिंगरीला काही बघायचंही नव्हतं. पुलापाशी काय बोलायचं त्याची ती मनात तालीम करत होती. "अगं, मूठ नाही दाखवलीस?" नको, जास्त टोचरं होतंय. "अय्या, विसरलीस वाटतं!" हे बरं. डोळे जरा मोठे करायचे. आवाज गोड...

आणि इथंच सगळा घोटाळा झाला. सहा वर्षं भिंगरी त्या पुलावर जात होती, पण तो पूल तिनं येताना कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. तिनं तो बाबांच्या पाठीवर पाहिला होता. उतार, वळण, झाडांचा अंधार, मग पाठीवर मूठ, मग पूल. आज उतार आला, वळण आलं, झाडांचा अंधार आला. मूठ आली नाही. तिच्या हातांना, पायांना, ब्रेकवरच्या बोटांना कोणी काही सांगितलंच नाही.

"मूठ!" मागून बाबा ओरडले.

छकुलीची जाड टायरं फटींवरून धडधडत पलीकडे गेली. भिंगरीचं पुढचं चाक फळ्यांमध्ये उतरलं, थांबलं, आणि भिंगरी मात्र थांबली नाही. ती हँडलवरून सूर मारून फळ्यांवर आदळली. खाली नदी खळखळून हसत होती. निदान तिला तरी तसं वाटलं.

गुडघा सोलला, उजवं मनगट मुरगळलं, आणि रिम अशी वाकली की गाडीखाली सापडलेला पत्र्याचा डबा बरा. बाबांनी तिला उचलून कठड्याला बसवलं, बोटं हलवून बघितली, मनगटाला रुमाल बांधला. तिला काही मोडलेलं नाही याची खात्री झाली, तेव्हा ते छकुलीकडे वळले.

"मूठ का नाही दाखवलीस?"

छकुलीनं भिंगरीकडे पाहिलं. अगदी क्षणभर.

"विसरले, मामा," छकुली म्हणाली.

बाबांनी मान हलवली. आवाज न चढवता म्हणाले, "विसरणाऱ्याला दुसरा नंबर देता येत नाही, बाळा."

म्हणजे भिंगरी जिंकली होती! जागा राहिली. गुडघ्यातून रक्त येत होतं, पण जागा राहिली. मग आनंद का होत नव्हता? उलट तिला छकुलीचा असा राग आला की विचारू नका. उंचीत पुढे, दिसण्यात पुढे, आणि आता चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर!

वरच्या वस्तीत पत्रं वाटून टपालवाले काका व्हॅन घेऊन परतत होते. त्यांनी भिंगरीला पिशव्यांमध्ये बसवलं, वाकडं चाक तिच्या मांडीवर दिलं.

"तिकीट लावू का कपाळाला?" ते म्हणाले. "थेट घरपोच करतो. पण नाजूक वस्तू आहे असं लिहावं लागेल, त्याचं जास्त पडतं."

एरवी भिंगरीनं चोख उत्तर दिलं असतं. आज ती मागच्या काचेतून बघत होती. बाबा पुढे, छकुली त्यांच्यामागे एक हात अंतरावर, दोघं सावलीच्या काठानं खाली येत होते. बाहेरून ती जागा कशी दिसते, हे तिनं पहिल्यांदाच बघितलं. आणि ती इतकी सुंदर दिसत होती, की तिला रडू आलं. काकांना वाटलं गुडघा दुखतोय. त्यांनी गाडी हळू केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी छकुली पलंगावर बसून वही भरत होती.

"का खोटं बोललीस?" भिंगरीनं भिंतीकडे बघत विचारलं.

"कुठं काय बोलले?"

"विसरले म्हणून."

छकुलीनं पेनाचं टोपण लावलं. "मामा म्हणाले होते सात. तू सहा शिकवल्यास. मला मोजता येतं, भिंगरे."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू देशील म्हणून थांबले. शनिवारी अख्ख्या रस्त्याला वाटत होतं, आता सांगशील, आता सांगशील." ती जरा थांबली. "आणि मामांना सांगून काय मिळालं असतं? तू माझा आणखी राग राग केला असतास. रोज रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतेस, मला काय कळत नाही?"

भिंगरी भिंतीचा पोपडा नखानं काढायला लागली.

"मलाही जळायला होतं तुझ्यावर," छकुली एकदम म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा फोटो काढण्यासारखा राहिला नाही. "माझे बाबा जहाजावर. वर्षातून दोनदा घरी. त्यांची आणि माझी खूण एकच आहे." तिनं हात वर करून हलवला. "टाटा."

त्यावर भिंगरीनं एखाद्या शहाण्या मुलीसारखं तिला जवळ घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. ती "हं" म्हणाली, चपला पायात सरकवल्या आणि तडक दुकानात गेली.

बाबा तिचंच चाक स्टँडवर चढवून बसले होते. चाक फिरत होतं, बाबा कान लावून होते. ही बोलायची वेळ नव्हे, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, ती विसरली नव्हती."

चाक फिरत राहिलं.

"मी शिकवलीच नव्हती तिला. मूठ. मुद्दाम."

बाबांनी बोट लावून चाक थांबवलं. "मुद्दाम?"

"हो."

"तिच्या सायकलला बारीक टायर असतं तर?"

"ती पडावी असं नव्हतं वाटत मला," भिंगरी म्हणाली. आवाज फुटायला लागला होता. "तुम्ही तिला ओरडावं एवढंच वाटत होतं. एकदा तरी. तुम्ही तिला कधीच ओरडत नाही! आणि ती फ्रेम माझी होती."

"कुठली फ्रेम?"

"बाबा!"

बाबांनी रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मग त्यांची नजर दारावरच्या पेन्सिलच्या रेघांवर गेली आणि तिथंच अडकली. "ते तुझं माप होय?" ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, शाळेचा काही प्रयोग करतेस."

भिंगरीला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही नाकातूनच बाहेर आलं.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "द्यायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. पण आता ती तिच्या पायांना बसली आहे. परत नाही मागायची." त्यांनी पाना उचलला, पुन्हा खाली ठेवला. "आणि तुझं चुकलं ते यानं फिटत नाही. माझं चुकलं म्हणून तुझं बरोबर होत नाही. रस्त्यावर मागचा माणूस आपल्या हातावर विश्वास ठेवून येतो, भिंगरे. डोळे मिटून येतो. तू आलीस की नाही तशीच?"

आली होती. तशीच आली होती.

"फेरीत दुसरी छकुली," बाबा म्हणाले. "तू पुलावर."

"म्हणजे?"

"ऐंशी माणसं येणार आहेत. मूठ कोणालाच ठाऊक नाही. जिनं ती काढली, तिनंच तिथं उभं राहून सगळ्यांना उतरवायचं. शेवटचा गेला की मग रांगेच्या मागोमाग यायचं. आता जा. चाकाला मला तासभर लागेल, आणि तुझ्या नाकाचा आवाज मध्ये येतोय."

घरी येऊन तिनं छकुलीला मूठ शिकवली. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्यानं. "अंगठा आत नाही, बाहेर," ती खेकसली. "आणि कमरेच्या वर. खाली ठेवलीस तर वाटतं पँट वर ओढतेयस."

छकुली खो-खो हसली. भिंगरी हसली नाही. पण हसू दाबायला तिला बरेच कष्ट पडले.

फेरीच्या दिवशी ती पहाटेच टपालवाल्या काकांच्या व्हॅनमधून सायकलसह वर आली. काका तिला उतरवून, आपलीही सायकल काढून रांगेला गाठायला खाली गेले. भिंगरी एकटी. पुलाच्या अलीकडे, झाडांच्या सावलीत. पहिल्यांदाच तिनं तो पूल नीट बघितला. छोटासा, काळपट, गरीब बिचारा पूल. एवढ्याशा पुलानं किती छळलं!

मग वरच्या वळणावर चाकांची सळसळ ऐकू आली. बाबा दिसले. त्यांचा डावा हात पाठीमागे गेला. त्यांच्यामागे, एक हात अंतरावर, निळी सायकल. छकुलीचा हात पाठीमागे गेला. तिच्यामागे ड्रॉइंगच्या बाई. त्यांच्यामागे दाताचे डॉक्टर. मग अनोळखी माणसं. एकामागून एक मुठी वळत होत्या, वळणाआडून येतच होत्या, आणि भिंगरी ओरडत होती, "उतरा! उतरून चाला! फटी बघा!"

नऊ वर्षांच्या, शेंबड्या भिंगरीची मूठ ऐंशी पाठींवरून चालली होती. भिंगरीला ते बघून इतका अभिमान वाटला की छाती फुगली, आणि त्याच वेळी आत काहीतरी दुखलं. आता ती दोघांची राहिली नव्हती.

बाबा सायकल हातात धरून तिच्यासमोरून गेले. जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारली. मागोमाग छकुली.

"अंगठा बाहेर होता ना?" तिनं विचारलं.

"होता," भिंगरी म्हणाली. "कोपर वाकडं होतं."

"जळकी!"

"लंबू!"

"काय खूण काढली आहे हो," मागून एक गृहस्थ सायकलवरून उतरत म्हणाले. "कोणाची कल्पना?"

"हिची!" छकुली पुलाच्या मधूनच ओरडली. "नऊ वर्षांची असताना!"

हेसुद्धा हिनंच सांगायचं होतं! भिंगरी स्वतः सांगणारच होती, दोन क्षणांत.

सगळ्यांत शेवटी टपालवाले काका आले, धापा टाकत. ते मूठ करायला विसरले, आणि हरकत नव्हती, त्यांच्यामागे कोणी नव्हतंच. ते पलीकडे जाऊन सायकलवर बसले. नदीच्या सावलीच्या काठानं रांग खाली उतरायला लागली होती, वळणावळणानं, फुललेल्या बागांमधून. पार पुढे बाबा म्हणजे एक ठिपका, आणि त्याला चिकटून एक निळा ठिपका. भिंगरी त्या दोन ठिपक्यांमधल्या फटीकडे बघत राहिली. एक हात अंतर. छकुलीनं बरोबर राखलं होतं. पोटात अजून दुखत होतं; पण आता जेवता आलं असतं.

ती आपल्या सायकलवर बसली. पुलाकडे वळताना तिच्या मागे मोकळा रस्ता आणि मेंढ्यांचा दूरचा आवाज, एवढंच होतं. तरी तिनं पट्टीचा हात हँडलवर ठेवला, डावी मूठ पाठीवर घेतली, अंगठा बाहेर, कमरेच्या वर, आणि उतरून चालत पूल ओलांडला.